गाडी उचलायची, पण किती? जुन्या पिकअपला लिफ्ट किट बसवताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही टाकलाय.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. रीलमध्ये एखादी पिकअप दिसते, हत्तीएवढी उंच, जाड टायर, आणि खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, "भावा, लिफ्ट किट कुठून घेतलं?" किट कुठून घेतलं हे सगळे विचारतात. किती उचलली आणि का उचलली, हे फारसं कुणी विचारत नाही. आज मी त्या दुसऱ्या प्रश्नावर बोलणार आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो. पण गाड्यांखाली झोपायची हौस कॉलेजपासूनची. यंदा उन्हाळ्यात मामेभावाच्या जुन्या पिकअपला लिफ्ट किट बसवलं. कमान पाट्याचं काम करणारे एक अनुभवी मिस्त्री मुख्य होते, आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

गाडी आहे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१६ ची, म्हणजे भारतात ही गाडी आली त्याच वर्षाची. दादा वेल्हे भागात राहतो, भाताची शेती आहे. वाडीपर्यंत जाणारी शेवटची वाट म्हणजे दगड, चाकोऱ्या आणि दोन ओढे. पावसाळ्यात त्या वाटेवर भरवशाने चालणारी चारचाकी म्हणजे दादाची पिकअप. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर फोन दादालाच येतो. त्यामुळे ही गाडी शोभेची नाही. ती बंद पडली किंवा घाटात कलंडली, तर प्रश्न फक्त दादाचा राहत नाही.

दादाचं म्हणणं सरळ होतं. "मधल्या दगडाला गाडीचं पोट घासतंय. चार इंच उचलून टाकू." एका दुकानदाराने त्याला तेच सुचवलं होतं, सोबत मोठे टायर घ्या म्हणून. मी म्हटलं, "दादा, चार इंचांचं नंतर बघू. आधी मोजू."

आधी टेप, मग पाना

मंडळी, जुन्या गाडीबाबत पहिली गोष्ट लक्षात घ्या. जुनी गाडी आज जेवढी उंच दिसते, तेवढीच ती नवी असताना होती असं नाही. स्प्रिंग थकतात. पाटे सरळ होत जातात. म्हणजे तुम्हाला हवी असलेली उंची काही प्रमाणात हरवलेली उंची असते, ती फक्त परत मिळवायची असते.

मोजायचं कसं? जमिनीपासून मोजू नका. टायरमध्ये हवा कमी-जास्त असली की आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून, म्हणजे हबपासून, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकं, सपाट जागा, टाकीत नेहमीएवढं डिझेल, मागे सामान नाही. आकडे वहीत लिहा, फोटो काढा.

आम्ही मोजलं तर पुढे ड्रायव्हरची बाजू डावीपेक्षा ९ मिलिमीटर खाली निघाली. आणि मागचे पाटे? त्यांना कमान म्हणतात कारण त्यांना कमानीसारखा बाक असतो. आमच्या पाट्यांचा बाक जवळपास गेला होता. चार पोती युरिया टाकला, म्हणजे ४५ किलोच्या हिशोबाने १८० किलो, की मागची बाजू बसायची.

मग दादाला म्हटलं, ज्या दगडाला पोट घासतं तो दाखव. जाऊन बघितलं. दगडावर ओरखडे होते, गाडीच्या पोटाखालीही होते. दोन्ही ठिकाणी टेप लावला. ओरखड्यांवरून हिशोब लागला की भरलेल्या गाडीला आणखी ३० मिलिमीटर मिळाले तरी ती सुटते. तीस मिलिमीटर! सव्वा इंचाच्या आत. आणि आपण चर्चा करत होतो चार इंचांची, म्हणजे १०० मिलिमीटरची.

आमच्या कामात एक सवय असते. सर्व्हर हळू चालतोय म्हणून लगेच मोठा सर्व्हर घ्यायचा नाही, आधी कुठे अडतंय ते शोधायचं. इथेही तेच.

लिफ्ट नक्की काय उचलतं?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे चाकं आणि चेसिस यांच्यातलं अंतर वाढवणं. व्ही-क्रॉसला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. मागे मात्र अख्खा एक्सल आणि त्याला कमान पाटे. आता लिफ्ट केलं की चेसिस वर जाते, पोट वर जातं, बंपर वर जातात. पण मागचा एक्सल? तो चाकांनाच जोडलेला आहे. त्याच्या मध्ये जो गोल फुगीर भाग असतो, डिफरन्शियल, तो होता तिथेच राहतो. तुम्ही गाडी चार इंच उचला नाहीतर चौदा, मागचं डिफरन्शियल एक मिलिमीटरही वर जात नाही.

ते वर न्यायचं असेल तर टायर मोठे लागतात. त्याचाही हिशोब करू. आमच्या गाडीचा टायर २४५/७० आर १६. त्याचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर. दुकानदार म्हणत होता २६५/७० आर १६ घ्या. त्याचा व्यास ७७७. फरक २८. पण जमिनीपासून एक्सल वर जातो तो फरकाच्या निम्मा, म्हणजे १४ मिलिमीटर. अर्धा इंच धरा. त्या बदल्यात चाक जड होतं, ब्रेकला आणि क्लचला काम वाढतं, आणि स्पीडोमीटर चुकतो. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ८३ ने जात असेल. दादाचा त्रास डिफरन्शियलचा नव्हताच, पोटाचा होता. म्हणून टायर मूळ मापाचेच ठेवले.

आणि एक. लिफ्ट केल्याने गाडीची वजन वाहायची क्षमता वाढत नाही. पाटे जाड टाकले, गाडी बसली नाही, म्हणून जास्त माल भरता येतो असं नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, चेसिस तीच. आरसीवर जी मर्यादा लिहिलीय तीच मर्यादा.

प्रत्येक मिलिमीटर उसना असतो

आता मुख्य मुद्दा. मला या सगळ्या कामातून एकच गोष्ट पक्की कळली. लिफ्टमध्ये मिळालेला प्रत्येक मिलिमीटर गाडीच्या दुसऱ्या कुठल्या तरी भागाकडून उसना घेतलेला असतो. थोडा घेतला तर तो भाग देतो. जास्त घेतला की वसुली सुरू होते.

कुठून कुठून उसना येतो बघा.

पहिलं, पुढचे सीव्ही जॉइंट. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना नेणारे शाफ्ट मूळ गाडीत जवळपास आडवे असतात. गाडी उचलली की ते तिरके होतात. कोन जितका मोठा तितका जॉइंट झिजतो आणि त्याचं रबरी बूट लवकर फाटतं. बूट फाटलं की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला हे परवडत नाही.

दुसरं, चाक खाली लोंबण्याची जागा. खड्डा आला की चाक खाली जातं, तेव्हाच ते जमिनीला धरून राहतं. स्ट्रटच्या वर नुसती चकती, म्हणजे स्पेसर टाकून गाडी उचलली, तर चाकाची खाली जायची एकूण मर्यादा फारशी बदलत नाही, पण त्यातला मोठा भाग गाडी उभी असतानाच वापरला गेलेला असतो. मग खड्ड्यात 'ठक्' असा आवाज येतो. सस्पेन्शन खालच्या टोकाला आपटतंय, त्याचा तो आवाज.

स्पेसरबद्दल अजून एक गंमत. स्ट्रट खालच्या आर्मच्या टोकाला नसतो, थोडा आत बसलेला असतो. त्यामुळे २० मिलिमीटरची चकती टाकली तर गाडी २० नाही, साधारण ३५ ते ४० ने उचलली जाते. "छोटीशीच चकती आहे" असं म्हणत लोक दोन-दोन टाकतात आणि नंतर डोक्याला हात लावतात.

तिसरं, ब्रेकचे होस आणि एबीएसच्या वायरी. त्यांची लांबी मूळ उंचीला धरून ठरवलेली असते. चाक पूर्ण खाली लोंबलं की ते ताणले जातात. आणि काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व असतो, जो एक्सल आणि चेसिस यांच्यातल्या अंतरावरून मागे वजन किती आहे हे ओळखतो. तुम्ही मागची बाजू उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. तुमच्या गाडीला असा व्हॉल्व असेल तर लिफ्टनंतर त्याची सेटिंग करून घ्यावीच लागते.

चौथं, हेडलाइट. याकडे कुणीच बघत नाही. काही लोक फक्त पुढची बाजू उचलतात, गाडी सरळ दिसावी म्हणून. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३०९५ मिलिमीटर. पुढचा भाग मागच्यापेक्षा ४० ने जास्त उचलला तर २५ मीटरवर तुमचा झोत सुमारे ३२ सेंटीमीटर वर जातो. म्हणजे समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत. घाटात त्याला दोन सेकंद दिसलं नाही तर काय होईल, हे सांगायला नको.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं, तोल. गाडी कलंडण्याचा अंदाज घ्यायला एक साधा भागाकार आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग, भागिले गुरुत्वमध्याची जमिनीपासून उंची. अमेरिकेत एनएचटीएसए ही सरकारी संस्था रोलओव्हरचं रेटिंग देताना हा आकडा वापरते. आकडा मोठा म्हणजे गाडी स्थिर. समजा, निम्मं अंतर ७८५ मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७५० वर आहे. भागाकार आला १.०५. गुरुत्वमध्य ४० ने वर गेला तर ०.९९. शंभराने वर गेला तर ०.९२. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत. प्रत्यक्षात चाकं आणि एक्सल खालीच राहतात, त्यामुळे गुरुत्वमध्य थोडा कमी वर जातो. पण दिशा तीच. चार इंचांत तुम्ही तोलाचा साधारण आठवा भाग देऊन टाकता. आणि आमच्या घाटांत वळणं किती असतात ते तुम्हाला माहीत आहे.

फळ्यांची परीक्षा

एवढं सगळं सांगूनही दादाचं मन चार इंचांतच होतं. त्याची चूक नाही, दिसते भारीच! मग वहिनी म्हणाल्या, "आईंना चढता येईल का त्यात?" मामींचे गुडघे दुखतात. त्यांना दर महिन्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं, याच गाडीतून.

मिस्त्रींनी सोपा उपाय काढला. २० मिलिमीटर जाडीच्या रुंद फळ्या आणल्या. प्रत्येक चाकाखाली दोन-दोन फळ्या ठेवून गाडी वर घेतली, हँडब्रेक लावला, चाकांना ओट दिली. झाली ४० मिलिमीटर उंच. मामी साइड स्टेपवर पाय ठेवून, हँडल धरून चढल्या. "जमतंय की," म्हणाल्या. मग चाकांखाली पाच-पाच फळ्या केल्या. शंभर मिलिमीटर. मामींनी गाडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला बैलगाडीतनं न्या रे बाबांनो."

दादा हसला. पण थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "चाळीस पुरे." माझ्या सगळ्या भागाकारांनी जे झालं नाही ते पाच फळ्यांनी केलं.

तुम्हालाही सांगतो, एक रुपया खर्च करायच्या आधी ही परीक्षा घरी करता येते. आई-बाबांना चढायला लावा. पार्किंगच्या तुळईखालून गाडी जाते का, तेही मोजा.

कायद्याचं काय?

हे न बोलता पुढे गेलो तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचे तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

थकलेली स्प्रिंग बदलणं ही दुरुस्ती. गाडी उंच करणं हा बदल. दुकानदार म्हणेल, "काही होत नाही साहेब." होत नाही तोपर्यंत होत नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर टेप घेऊन आला, की तो दुकानदार फोन उचलत नाही.

म्हणून दादाने किट घ्यायच्या आधी आरटीओत अर्ज देऊन विचारलं, विमा कंपनीला ईमेल केला, काय बदलणार ते मिलिमीटरसकट लिहिलं. लेखी उत्तर हातात आल्यावरच काम ठरवलं. ती उत्तरं आमच्या गाडीपुरती आहेत. तुमच्या गाडीचं तुम्हीच विचारा, आणि तोंडी उत्तरावर विसंबू नका. उत्तर 'नाही' आलं तर मूळ मापाची नवी स्प्रिंग आणि पाटे टाका. जुन्या गाडीत तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

प्रत्यक्ष काम

किटमध्ये पुढची स्प्रिंग आणि स्ट्रट, मागचे पाटे, शॉकअप, यू-बोल्ट आणि बुश असं सगळं होतं. काम सुरू करायच्या दोन दिवस आधी मिस्त्रींनी प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. दहा पावसाळे खाल्लेली गाडी आहे, बोल्ट प्रेमाने सुटत नाहीत.

मग तपासणी. चेसिसवर, विशेषतः जिथे पाट्यांचे हँगर बसतात तिथे, हातोडीने हलकं ठोकून बघितलं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद आवाज आला किंवा पापुद्रा निघाला तर लिफ्ट विसरा, आधी चेसिसचं बघा. आमची चेसिस ठीक होती. पण डावीकडचा वरचा बॉल जॉइंट ढिला निघाला. तो आधी बदलला. जुन्या, ढिल्या भागांवर नवं ताठ सस्पेन्शन बसवलं की ढिला भाग लवकर जातो.

गाडी वर घेताना एक वाक्य मिस्त्रींनी मला तीनदा ऐकवलं. "जॅक उचलायला, घोडी धरायला." जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या, मागच्या चाकांना ओट, आणि मग गाडी हाताने हलवून बघायची. तेव्हा हलली नाही तरच खाली जायचं.

पुढे चाक काढलं. ब्रेक होसचा क्लिप सोडवला, म्हणजे होसवर वजन येत नाही. अँटीरोल बारची लिंक सोडली. कॅम्बर ॲडजस्ट करायच्या बोल्टवर पांढऱ्या रंगाची खूण केली. वरचा बॉल जॉइंट सोडला, स्ट्रटचा खालचा बोल्ट काढला, मग वरचे तीन नट. स्ट्रट अख्खा बाहेर आला.

आता इथे कान देऊन ऐका. स्ट्रटच्या डोक्यावर मधोमध जो एक नट असतो तो घरी कधीही सोडू नका. त्या नटाने दाबलेली स्प्रिंग आत धरून ठेवलेली असते. तो नुसता सोडला तर स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते. स्प्रिंग कॉम्प्रेसर हवा, आणि तो वापरायची सवय असलेला माणूस हवा. मिस्त्रींनी ते काम मला करू दिलं नाही, मीही हट्ट धरला नाही. शक्य असेल तर स्प्रिंगसकट जोडलेले तयार स्ट्रट घ्या. थोडे महाग पडतात, पण हा धोका राहत नाही.

मागचं काम त्यामानाने सोपं, पण जड. एक्सलला जॅकचा आधार, शॉकअप सोडले, यू-बोल्ट कापले. हो, कापलेच. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. ते एकदा पूर्ण आवळले की ताणले जातात, दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत. नवे पाटे बसवताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसलंय का हे बघायचं. नाही बसलं तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते.

काही लोक नवे पाटे न टाकता पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे टाकतात. मागे एक योग्य मापाचा ठोकळा एक वेळ चालतो. एकावर एक दोन ठोकळे कधीच नाही. आणि ज्या गाड्यांना पुढेही पाटे असतात, त्यांच्या पुढच्या एक्सलवर ठोकळा अजिबात नाही. स्टिअरिंगचं चाक आहे ते, तिथे जुगार नको.

शेवटची खुबी मिस्त्रींची. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून हलवायची, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. हवेत आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं. गाडी खाली आली की ते कायम ताणाखाली राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. किट नवं, तरी कुरकुर का येते, याचं बऱ्याचदा हेच कारण असतं.

झालं म्हणजे झालं नाही

गाडी उतरवली, पुन्हा हबपासून मोजलं. पुढे ४१ आणि ४२, मागे ३९ आणि ३९.

पण कोड चालला म्हणजे काम संपलं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, टेस्टिंग असतं. इथेही केलं. चाकं लोंबती ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, ब्रेक होस आणि वायरी कुठे ताणतात का, कुठे घासतात का ते बघितलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला व्हील अलाइनमेंट. कॅम्बर, कास्टर, टो, लिफ्टनंतर तिन्ही हलतात. नुसता टो बघून "झालं" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कास्टर कमी झाला तर हायवेवर गाडी भरकटते, स्टिअरिंग सोडलं की सरळ येत नाही. मग रात्री भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइटची खूण जुन्या खुणेशी जुळवली. ती जुनी खूण आम्ही काम सुरू करायच्या आधीच खडूने करून ठेवली होती. ५० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर सगळे यू-बोल्ट तपासून आवळले. पहिल्या वेळी दोन थोडे फिरलेच.

जुनी स्प्रिंग आणि पाटे भंगारात दिले नाहीत. चिठ्ठी बांधून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेत. कधी मूळ रूपात न्यावी लागली तर एका दिवसाचं काम.

आणि पहिला आठवडा दादाला मी घाटात नेहमीपेक्षा हळू चालवायला सांगितलं. गाडी तीच असली तरी तिचा तोल नवा आहे, हाताला त्याची सवय व्हावी लागते.

आता पाऊस सुरू झालाय. तो दगड अजून तिथेच आहे, गाडी त्यावरून भरलेली जाते, घासत नाही. रीलमध्ये टाकली तर कुणी वळूनही बघणार नाही, कारण ४० मिलिमीटर डोळ्यांना दिसतच नाहीत. मामींच्या गुडघ्यांना मात्र १०० नक्की दिसले असते.

तर मंडळी, तुमच्या घरी, मित्राकडे, गावाकडे जुनी पिकअप असेल आणि लिफ्टचा किडा चावला असेल, तर आधी टेप घ्या. गाडी नेमकी कुठे अडते ते मिलिमीटरमध्ये शोधा. तेवढंच उचला, वर थोडी मोकळीक ठेवा, आणि थांबा.

तुमच्या गाडीचे आकडे पाठवा, चारही चाकांचे, हबपासून मडगार्डपर्यंत. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा, जो सध्या दोन-दोन चकत्या टाकायच्या विचारात आहे. भेटू लवकरच. गाडी सावकाश चालवा, काळजी घ्या.